झॉम्बी मालिकेत झॉम्बी किती असावेत? ('द लास्ट ऑफ अस', रहस्यभेद आहे, न पाहिलेल्यांनी जपून)

झिरोमाईल | ३० जानेवारी २०२३, रात्री ९.१०

बुरशीच्या संसर्गाने माणसं झॉम्बी होतात, त्याची ही व्हिडिओ गेमवरून काढलेली मालिका. सोमवारी सकाळी साडेसातला भाग येतो. आधी भाग, मग आंघोळ, मग ऑफिस, असा सध्या आमचा नेम आहे. आजचा तिसरा भाग पाहून डोकं फिरलं म्हणून हा धागा.

पहिला भाग जबरी होता. २००३ सालचं ऑस्टिन, जोएलची पोरगी शेजाऱ्यांकडे डीव्हीडी चाळून राहिली आहे आणि मागे धूसर दिसणारी खुर्चीतली आजी आवाज न करता तोंड वासून थरथरते. कुत्र्याला कळतं, पोरीला कळत नाही. दुसऱ्या भागात जाकार्ता, मग म्युझियममधले ते आंधळे, टकटक आवाज काढणारे. म्हटलं, आता रंगणार.

आणि आज? सव्वा तासाचा भाग. एक संसर्गित ढिगाऱ्याखाली अडकलेला मरतो, एक सापळ्यात सापडून मरतो, संपलं. बाकी वेळ बिल आणि फ्रँक पियानो वाजवतात, स्ट्रॉबेरी खातात, म्हातारे होतात. ते दोघं पुरुष आहेत याला माझा आक्षेप नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाही तर अर्धे प्रतिसाद त्यातच जातील. आक्षेप हा की मालिकेची मुख्य जोडी, जोएल आणि एली, जिथल्या तिथे उभी आहे. प्रेमकथाच पाहायची तर बाकी कमी आहेत का?

म्हणून दोन प्रश्न. झॉम्बी मालिकेत झॉम्बीच नसतील तर ती पाहायची कशाला? आणि नागपुरात असं झालं तर तुम्ही कुठे लपाल?

तर्री_पोहे | रात्री ९.२२

पहिला प्रश्न ऑप्शनला टाकतो. दुसऱ्याचं उत्तर: कुठेच नाही. मे महिन्यापर्यंत घरात थांबायचं. ४६ अंशांत व्हरायटी चौकात बुरशी काय टिकणार, ट्रॅफिक पोलीस टिकत नाही.

इतवारीकर | रात्री ९.३०

सीताबर्डीचा किल्ला. उंचावर, भक्कम, चारी बाजू दिसतात. १८१७ मध्ये त्याच टेकडीवर लढाई झाली होती, जागा आजमावलेली आहे.

अजनीचा_पूल | रात्री ९.३४

@इतवारीकर, १८१७ ला तिथे भोसल्यांची फौज हरली होती. आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी लोकांना उघडतो. सर्वनाशाची तारीख त्यांच्याशी बोलून ठरवावी लागेल.

इतवारीकर | रात्री ९.३६

२६ जानेवारी तर आत्ताच गेली. आता थेट उन्हाळ्यानंतर या म्हणावं झॉम्बींना.

मी_वऱ्हाडी | रात्री ९.५१

मले एक सांगा, आपल्याकडं झॉम्बी वळखाचा कसा? आमच्या ऑफिसातले अर्धे लोक सकायपासून खर्रा तोंडात धरून बसते. काही विचारा, नुसतं "हं... हं...". मान वर, डोये अर्धे मिटेल. मी तं दोघा-चौघायले आत्ताच गोळी घातली असती.

संत्राबर्फी | रात्री ९.५५

खिक्क् :))

कन्सोलवाला | रात्री १०.४०

झिरोमाईल, तुमचा राग समजतो, पण गेम खेळलेल्यांना आजचा भाग दुप्पट लागला. २०१३ च्या मूळ गेममध्ये बिल जिवंत भेटतो, एकटा आणि कडू. फ्रँक त्याला सोडून निघालेला असतो, चावा बसल्यावर गळफास घेतो आणि मागे चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीत प्रेम नाही, द्वेष आहे. मालिकेने तीच दोन माणसं घेतली आणि गोष्ट उलटी फिरवली. लिहिणाऱ्यांत गेमचा मूळ लेखकच आहे, म्हणजे हे कोणी बाहेरून येऊन केलेलं नाही.

दुसरा बदल: गेममध्ये हवेतले बीजाणू असतात, मास्क लावावा लागतो. मालिकेत ते काढून जमिनीखालून पसरणारे धागे आणले. एका ठिकाणी पाय पडला की लांबवरच्यांना कळतं. तेव्हा "कथा उभी आहे" म्हणू नका, याचा हिशेब पुढे चुकता होणार.

झिरोमाईल | रात्री १०.५२

गेम न खेळलेल्या माणसाने काय पाहायचं मग? मालिका स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. आधी गेम खेळून या, मग रडा, हे चालणार नाही.

रामटेकची_पोर | रात्री ११.०५

मी गेम खेळलेली नाही, हातातसुद्धा घेतलेला नाही. रडले.

पेन्शनर_महाल | ३१ जानेवारी, सकाळी ६.१५

नातवामुळे तिन्ही भाग पाहिले. मला एक फरक जाणवतो. आपल्या भुतांना काहीतरी हवं असतं. मुंज्याची सोडमुंज राहिलेली असते, हडळीचा जीव संसारात अडकलेला असतो, कुणाला पाणी हवं असतं, कुणाला वहाण आणि नारळ. देऊन टाकलं की सुटका. निदान बोलणी करता येतात. या इंग्रजी प्रकाराला काहीच नको असतं. ना मागणं, ना तक्रार, ना नाव. माझ्या पिढीला त्याची भीती वाटत नाही, कंटाळा येतो. तिसऱ्या भागात निदान माणसं बोलत होती. म्हणून मला तोच आवडला.

तर्री_पोहे | सकाळी ८.०२

काका, दंडवत. झॉम्बीला नारळ देऊन पाहायला हरकत नाही, डोक्यात मारायला तरी कामी येईल.

निवासी_डॉक्टर | ३१ जानेवारी, रात्री ११.४८

ड्युटी संपवून आले, जरा लांब लिहिते.

@तर्री_पोहे, तुमचं गणित उलटं आहे. बुरशीला आडवं येतं ते बाहेरचं ऊन नाही, आपल्या अंगातली ऊब. बहुतेक बुरशींना ३७ अंशांत धड वाढता येत नाही, म्हणून सस्तन प्राणी त्यांच्यापासून बऱ्यापैकी वाचलेले आहेत. मालिकेच्या अगदी सुरुवातीला, १९६८ च्या टीव्ही मुलाखतीत तो शास्त्रज्ञ हेच सांगतो: जग थोडं तापलं तर बुरशीलाही जास्त तापमानात जगण्याची सवय लागेल. म्हणजे नागपूरची बुरशी तुमच्या भरवशाच्या उन्हाळ्यातच तयार होईल. यातलं मूळ सूत्र हवेतलं नाही. कँडिडा ऑरिस नावाची एक बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात पहिल्यांदा ओळखली गेली. पुढे ती वेगवेगळ्या खंडांतल्या रुग्णालयांत निघाली, बरीच औषधं तिला लागू पडत नाहीत. तापमानवाढीशी तिचा संबंध असावा असा तर्क आहे, सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या ऑक्टोबरात घातक बुरशींची यादी काढली, ती पहिलीच.

आता मुंग्या. मालिकेतली बुरशी मुंग्यांवरच्या ज्या बुरशीवरून घेतली, ती खरी आहे, उष्ण कटिबंधाच्या जंगलात सापडते. लागण झालेली मुंगी वारूळ सोडते, झुडपावर चढते, पानाच्या खालच्या बाजूला शिरेत जबडा रोवते आणि तिथेच मरते. मग डोक्यातून देठ फुटतो. गंमत म्हणजे संशोधकांनी आतून पाहिलं तेव्हा बुरशी मेंदूत शिरलेलीच नव्हती, स्नायूंभोवती तिचं जाळं होतं. आणि यातली एकेक जात ठरावीक जातीच्या मुंगीशीच जमवून घेते. मुंगीवरून थेट माणसावर उडी हा लेखकांचा अधिकार, आपण सोडून देऊ.

पण धाग्यावर सगळे हसताहेत म्हणून एक सांगते. २०२१ च्या मे-जूनमध्ये मी वॉर्डात होते. करोनातून उठलेला, साखर चढलेली, स्टेरॉइड घेतलेला माणूस यायचा आणि सांगायचा की गालाला स्पर्श कळत नाही, वरचे दात हलताहेत. म्युकर, म्हणजे लोक काळी बुरशी म्हणायचे ती. त्यावरचं औषध अँफोटेरिसिन बी मिळायचं नाही, नातेवाईक चिठ्ठी घेऊन गावभर फिरायचे. नंतर आपल्या वर्ध्यात ते बनायला लागलं. तोवर आम्ही संमतीच्या कागदावर सह्या घेत होतो: डोळा काढू द्या, म्हणजे निदान जीव वाचवायचा प्रयत्न करता येईल. एक बाई म्हणाल्या, यांना आरशात दाखवू नका एवढंच करा. त्यांच्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी स्टीलचा ताट तोंडासमोर धरून पाहिलं.

मालिकेतले बुरशीने भरलेले चेहरे आले तेव्हा माझा नवरा म्हणाला, काय मेकअप आहे! मी पाणी प्यायला उठून गेले. तिसरा भाग मात्र सलग बसून पाहिला.

संत्राबर्फी | १ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

डॉक्टर... काय लिहू. ताटाचं वाचून पोहे बाजूला ठेवले.

अजनीचा_पूल | सकाळी १०.१२

विषय हलका करतो. त्या मुंग्यांवरच्या बुरशीच्या खानदानातली एक बुरशी हिमालयात अळीवर उगवते, तिला किडा जडी म्हणतात. किलोला लाखांत भाव, ताकदीचं औषध म्हणून लोक खातात. म्हणजे तिकडे बुरशी माणसाला खाते म्हणून मालिका, इकडे माणूस बुरशीला खातो म्हणून धंदा.

मी_वऱ्हाडी | सकाळी १०.४०

डाक्टरबाई, चावलं तं काय करा लागते मंग? एक तं सांगून ठेवा.

निवासी_डॉक्टर | दुपारी २.०५

झॉम्बी चावला तर माहीत नाही. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची काही भरू नका आणि त्याच दिवशी लस सुरू करा. चाव्यातून पसरणारा, मेंदूपर्यंत जाणारा, पाण्याची भीती घालणारा रोग आपल्याकडे आहेच. लक्षणं दिसली की जवळपास कोणी वाचत नाही, आणि आधी लस घेतली तर टळतो. त्यावर कोणी मालिका काढत नाही.

कोराडीकर | १ फेब्रुवारी, रात्री ८.३०

कुठे लपाल यावर सगळे बोलले, पाणी कुठून आणाल यावर कोणीच नाही. बिलकडे जनरेटर, गॅस, दारूचा साठा, सगळी व्यवस्था. म्हणून तो वीस वर्षं निघाला. आपलं पाहा.

लोकांना वाटतं, कोळसा संपला की अंधार. अंधार त्याच्या फार आधी होईल. ग्रिडवर बनणारी वीज आणि वापरली जाणारी वीज दर क्षणाला जुळावी लागते, तरच फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ राहते. माणसं एकदम पळाली, कारखाने बंद पडले, तर मागणी कोसळते, फ्रिक्वेन्सी चढते, वीज बनवणारे संच पटापट ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. ५ एप्रिल २०२० आठवा, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली होती. ग्रिड टिकलं, कारण आधी दोन दिवस तयारी झाली होती आणि जलविद्युत संच खाली-वर करायला माणसं खुर्चीत बसलेली होती. झॉम्बी दोन दिवस आधी भाषण करून येत नाहीत.

वीज गेली की पाणी गेलं. पेंचचं पाणी नवेगाव खैरीहून येतं, गोरेवाड्याला शुद्ध होतं, पुढे पंप. कन्हानचंही पंपावरच. टाकीतलं संपलं की सगळं शहर फुटाळ्याला बादल्या घेऊन. महालात, इतवारीत ज्यांनी जुन्या विहिरी बुजवून वर खोल्या बांधल्या त्यांनी आत्ताच विचार करावा.

इतवारीकर | रात्री ८.४१

आमची विहीर आहे अजून. जाळी लावलेली. पत्ता देणार नाही.

झिरोमाईल | रात्री ८.५५

बघा! हेच. इतवारीकरांनी पत्ता लपवला. बिलही कुंपण घालून बसला होता. या सगळ्या मालिकांचं म्हणणं एकच: व्यवस्था गेली की माणूस माणसाला खातो, झॉम्बी निमित्त. २०१० ते २०२२ 'द वॉकिंग डेड'ने अकरा सीझन हेच दाखवलं. मी सातव्यात सोडली. मग निदान झॉम्बी तरी धड दाखवा म्हणतो मी.

जामठा_साईड | २ फेब्रुवारी, दुपारी १.२०

"व्यवस्था गेली की माणूस माणसाला खातो" हे मला पटत नाही, आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाही.

मे २०२०. हैदराबादकडून वर्धा रोडने मजूर चालत येत होते, पुढे जबलपूर, छत्तीसगड, बिहार. टोलनाक्याजवळ लोकांनी मंडप टाकले होते. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सोसायटीतून पोळ्या घेऊन गेलो, तर पोळ्यांपेक्षा चपलांची मागणी जास्त. मग लोकांनी घरातल्या जुन्या चपला आणून टाकल्या, चांगला ढीग झाला. त्यात आपल्या मापाचे दोन्ही पाय शोधत माणसं बसलेली. एक जण दोन वेगवेगळे सँडल घालून उठला, दोन्ही डाव्या पायाचे, आणि चार पावलं चालून पाहून म्हणाला, "चल जाएगा." माझ्या शेजारी एक पेंटर होता, तो स्वतः दीड महिना बिनकामाचा, तो ढिगातून जोड्या लावून देत होता.

ऊन तर्री_पोहेंच्या हिशेबातलंच होतं. व्यवस्था तेव्हा होती की नव्हती हे तुम्हीच ठरवा.

रामटेकची_पोर | दुपारी १.४५

+१००

सदर_सिस्टर | २ फेब्रुवारी, रात्री १०.१५

जामठा_साईड, तुम्ही पाहिलं ते खरं. मी पाहिलं तेही खरं. मी नर्स आहे. त्याच महिन्यात मला घरमालकाने वरच्या मजल्यावरून ओरडून सांगितलं की बॅग खाली ठेवली आहे, जिना चढू नका. टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. हॉस्टेलवर सोय झाली म्हणून निभावलं. नंतर त्यांच्याच आईला ऑक्सिजन लागला तेव्हा पहिला फोन मला आला. मी गेले. राग अजून आहे.

म्हणून पहिल्या भागात जोएल रस्त्यावर उभ्या असलेल्या कुटुंबाजवळून गाडी तशीच पुढे काढायला सांगतो ना, "दुसरं कोणी थांबेल" म्हणून, ते मला सगळ्यात खरं वाटलं. वाईट माणूस नाही तो. पोरगी मागच्या सीटवर आहे त्याची.

अजनीचा_पूल | रात्री १०.३०

तीन वर्षांपूर्वी हेच दृश्य पाहून आपण "काय दगड माणूस आहे" म्हटलं असतं. आता घराघरातला कोणी ना कोणी गाडी पुढे काढून आलाय, किंवा रस्त्यावर उभा राहून आलाय.

विठोबा_बर्वेनगर | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.००

सगळे गोड बोलताय. मला तिसरा भाग अजेंडा वाटला. झॉम्बीच्या नावाखाली हे घरात कशाला आणायचं? मुलं पाहतात.

तर्री_पोहे | सकाळी ९.०६

मुलांना डोकं फाटून मशरूम निघालेलं चालतं, दोन माणसं एकमेकांना जेवायला वाढतात ते चालत नाही. बरं.

संत्राबर्फी | सकाळी ९.२०

विठोबाभाऊ, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा प्रश्न २०१८ मध्येच कोर्टाने निकाली काढला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाच्या याचिकाही एकत्र केल्या. आपण अजून "घरात कशाला" वर आहोत.

रामटेकची_पोर | ३ फेब्रुवारी, रात्री ११.३०

वादात पडणार नव्हते, पण लिहितेच.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू होऊन बरीच वर्षं झाली. आई त्यांचं सगळं करते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, वरण-भात इतका मऊ की चमच्याच्या पाठीने दाबला तरी दाणा लागू नये. भरवताना तिचं स्वतःचं तोंडही थोडं उघडतं, तिला ते माहीत नाही.

मी मोबाईलवर तिसरा भाग पाहत होते, ती बाजूला येऊन बसली. इंग्रजी येत नाही. बिल फ्रँकला खुर्चीतून पलंगावर घेतो तिथे म्हणाली, "अगं, असं नाही धरत. कमरेखाली हात घालायला पाहिजे." मग शेवटापर्यंत बसली. दोघं पुरुष आहेत हे तिने पाहिलंच असणार. त्यावर एक अक्षर बोलली नाही. संपल्यावर विचारलं, "त्या दुसऱ्यानं पण गोळ्या का घेतल्या? तो तर धडधाकट होता." मी काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "हं," आणि दूध गरम करायला गेली.

झिरोमाईल, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे की नाही, मला ठाऊक नाही.

पेन्शनर_महाल | ४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

बेटा, आईला माझा नमस्कार सांग.

पिवळी_मारबत | ४ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

उशिरा आले. एक कल्पना: यंदा मारबतीला बुरशीचं डोकं असलेला बडग्या काढायचा. आपल्याकडे १८८० च्या दशकापासून रोगराईला पुतळा करून, शिव्या घालून, गावाबाहेर नेऊन जाळायची सोय आहे. "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" ऑस्टिनवाल्यांकडे हे नव्हतं, म्हणून वीस वर्षं लटकले.

कोराडीकर | दुपारी १२.५५

२०२० ला नेमकी गरज होती तेव्हाच मिरवणूक निघाली नव्हती पण.

पिवळी_मारबत | दुपारी १.००

म्हणूनच २०२१ उजाडलं ना तसं!

इतवारीकर | १२ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

धागा वर काढतो. काल जामठ्याची टेस्ट तीन दिवसांत आटपली, डावाने. चौथ्या-पाचव्या दिवसाची तिकिटं खिशात घेऊन घरी बसलोय. तर दिसलं की पाचवा भाग सोमवारची वाट न बघता शनिवारीच आलाय. सगळं शहर घरी. झिरोमाईल, आता तरी मिळाले का झॉम्बी?

झिरोमाईल | सकाळी ११.०५

मिळाले. जमीन खचते आणि खालून लोंढा बाहेर येतो, त्या वेळी मी सोफ्यावर उभा राहिलो होतो. तो शेवटचा अजस्र तर कमाल. असं दर आठवड्याला द्या, माझी तक्रार नाही.

पण खरं सांगू का, लोंढ्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत जे होतं, सॅम आणि हेन्री या भावांचं, ते जास्त लागलं. तिथे झॉम्बी एकच होता आणि तोही आठ वर्षांचा. तिसऱ्या भागाबद्दल माझं मत आहे तेच आहे: सव्वा तास जास्त होता, पाऊण तासात झालं असतं. हेन्री आणि सॅमला दोन भाग दिले आणि कथाही चालत राहिली, हेच मी म्हणत होतो.

कन्सोलवाला | सकाळी ११.२०

गेममध्ये सॅमला ऐकू येतं. मालिकेत त्याला कर्णबधिर केलं, पाटीवर लिहून बोलतो. त्यामुळे शेवटचा प्रश्न तो एलीला लिहून विचारतो. पाटीवर. मी गेममध्ये हे पाहून बसलो होतो तरी...

रामटेकची_पोर | सकाळी ११.३२

पाऊण तास?! काय काढलं असतं तुम्ही? स्ट्रॉबेरी?

झिरोमाईल | सकाळी ११.३५

पियानो.

रामटेकची_पोर | सकाळी ११.३६

बोलू नका माझ्याशी.

मी_वऱ्हाडी | दुपारी १२.१५

भांडन नंतर करजा. सहावा भाग कवा हाय? का पुन्हा मधातच येऊन जाईन? मले सुट्टी टाका लागते.

कन्सोलवाला | दुपारी १२.१८

सोमवारी, २० ला. साडेसातला.